रविवारी परत त्याच लोकांसमोर

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा पेशा काय होता हे एका शब्दात सांगा म्हटलं तर मला सांगता येणार नाही. तरुणपणी पोटासाठी गावोगाव फिरले, शाळेत शिकवलं, कीर्तनं केली, नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला राहून संस्कृत ग्रंथांचं काम केलं. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले, तिथे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होऊ पाहणाऱ्या मुलांना शिकवलं, पुढे स्वतःची दीक्षा झाली, 'ज्ञानोदया'चा मराठी भाग सांभाळला, खेड्यांत जाऊन ख्रिस्ती कीर्तनं केली, बालकवी ठोमऱ्यांसारख्या पोराला घरात ठेवून घेतलं, आणि हे सगळं चालू असताना गीतं लिहिली, जी आमच्या चर्चमध्ये आजही रविवारी 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडून म्हटली जातात. शिक्षक, पाळक, वक्ता, संपादक, आणि शेवटच्या दोन वर्षांत एका नव्याच संस्थेचा संस्थापक. यातलं खरं काम कोणतं आणि जोडीला केलेलं कोणतं, हे त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

मला मात्र विचारतात, आणि प्रेमानेच विचारतात. आधी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचे, मग पुण्याला ईश्वरविज्ञान शिकले, पाळक म्हणून दीक्षा झाली, मंडळी मिळाली, म्हणजे एका चर्चचे लोक सांभाळायला मिळाले, तिथून बोलायला बोलावणी यायला लागली, नर्सिंगच्या मुलींसमोर, बचत गटांच्या मेळाव्यात, एका कारखान्याच्या सुपरवायझरांसमोर सुद्धा, आणि मग हळूहळू संस्थांच्या मीटिंगा घेण्याचं काम मागे लागलं. ज्याला आता सगळे कन्सल्टिंग म्हणतात. घराच्या पत्त्यावर 'बाई' म्हणून पत्र येतं ते जुन्या विद्यार्थ्यांचं, 'पाळकबाई' म्हणून येतं ते मंडळीतलं, 'मॅडम' म्हणून येतं ते ट्रेनिंगवालं. आमच्या आत्याबाई दर नाताळला म्हणतात, अगं एक काहीतरी धर. आणि गेल्या काही वर्षांत बरीच तरुण मुलंमुली विचारायला लागलीत की आम्हालाही असंच चारही करायचंय, कसं करायचं, सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल.

चारही कामांत समोर माणसं बसलेली असतात आणि आपण उभे असतो. फरक हा की काम संपल्यावर कोण उठून जातं. शाळेत मुलं पास होऊन जातात. व्याख्यानात शाल-श्रीफळ घेऊन मी जाते. संस्थेत रिपोर्ट दिला, बिल दिलं, मी जाते. मंडळीत कुणीच कुठे जात नाही. ज्या माणसाला शनिवारी कमिटीत सांगितलं की भाऊ हा हिशोब असा चालणार नाही, त्याच माणसाला रविवारी प्रभुभोजनाचा प्याला द्यायचा असतो, बुधवारी त्याची आई गेली तर कबरस्तानात त्याच्या शेजारी उभं राहायचं असतं, आणि पुढच्या महिन्यात त्याच्याच मुलीचं लग्न लावायचं असतं. बाकीच्या तीन कामांना जे काही वजन आहे ते या चौथ्यामुळे आहे असं माझं ठाम मत झालंय. जिथून उठून जाता येतं तिथे माणूस फार शहाणपणा सांगतो.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याचा सासरा इथ्रो त्याला भेटायला येतो ती गोष्ट ट्रेनिंगवाल्या लोकांची फार लाडकी आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसलेला, लोक ताटकळत उभे, आणि सासरा म्हणतो हे तू करतोस ते बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम आणि अवघड तेवढंच तुझ्याकडे येऊ दे. काम वाटून देण्यावर इतकं जुनं आणि इतकं नेमकं लिखाण क्वचितच असेल. मी स्वतः कितीतरी कमिट्यांपुढे हा भाग वाचलाय. पण तो अध्याय तिथे संपत नाही, शेवटचं वचन सहसा कुणी वाचत नाही, त्यात मोशे सासऱ्याला निरोप देतो आणि इथ्रो आपल्या देशी निघून जातो. सल्ला उत्तम होता, तो लगेच अमलातही आला, पण ते हजारांवरचे आणि दहांवरचे नायक पुढे जेव्हा कुरकुरायला लागले, पाण्यावरून, मांसावरून, मिसरात, म्हणजे इजिप्तमध्येच, बरं होतं म्हणून, तेव्हा तिथे मोशेच होता. वाळवंटातली पुढची सगळी वर्षं तोच होता. मला इथ्रोबद्दल आदरच आहे, बाहेरच्या माणसाला जे एका दिवसात दिसलं ते आतल्याला दिसत नव्हतं. फक्त कुणी माझ्याकडे येऊन म्हणतं की मला कन्सल्टंट व्हायचंय तेव्हा मी त्याला सांगते, आधी काही वर्षं मोशे होऊन बघ.

शिकवण्यातून मी जे बाकीच्या कामांत नेलं ते म्हणजे प्रश्न विचारून गप्प बसणं. ऐकायला सोपं वाटतं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतली टेप ऐकून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब येतात, एरवी न बोलणारी मुलं बोलतात, मुलं एकमेकांना प्रश्न विचारायला लागतात. तीन सेकंद! वर्गात उभं राहून थांबून बघा म्हणजे कळेल किती लांब असतात ते. मंडळीच्या मीटिंगमध्ये तर मी त्याहून बरंच जास्त थांबते, कारण तिथे पहिलं उत्तर नेहमी तेच देतात जे नेहमी देतात, दुसरं उत्तर त्यांना खूश करायला येतं, आणि मागच्या बाकावरची विधवा बाई जे सांगायला आलेली असते ते यायला वेळ लागतो. क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या सभांमध्ये मतदानच घेत नाहीत, शांत बसतात, ज्याला वाटेल तो बोलतो, आणि सभेचा एकंदर कल काय दिसतोय हे सभा चालवणारा, ज्याला ते क्लार्क म्हणतात, तो मांडतो, सगळ्यांना ते पटेपर्यंत विषय पुढे ढकलतात. रॉबर्ट ग्रीनलीफ त्यांच्यातलेच. १९२६ ते १९६४ एटी अँड टीसारख्या अजस्र टेलिफोन कंपनीत काढली आणि १९७० मध्ये सेवक-नेतृत्वावरचा, म्हणजे पुढाऱ्याने आधी सेवक असावं यावरचा, तो निबंध लिहिला, ज्याचं नाव आज प्रत्येक मॅनेजमेंटच्या पुस्तकात येतं. निबंध पुष्कळ लोक वाचतात. त्यामागे अशा शांत सभांत बसण्याची सवय होती हे मला जास्त मोलाचं वाटतं, ती सवय कोर्स करून येत नाही.

बोलण्याबद्दल थोडक्यात सांगते. वक्तृत्वाचे क्लास घेणारे लोक आवाज, हातवारे, डोळ्यांत डोळे हे सगळं शिकवतात आणि ते उपयोगाचं आहे, पण मराठी श्रोता कीर्तनावर वाढलेला आहे हे ते विसरतात. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन निरूपण, मध्ये थोडं भजन, मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे आधी विचार, मग श्वास घ्यायला जागा, आणि शेवटी तो विचार जगलेल्या माणसाची गोष्ट. टिळकांनी आणि नगरच्या त्यांच्या आधीच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी हाच साचा उचलला आणि उपदेश त्यात बसवला, कारण मिशनरी पद्धतीचा तीन मुद्द्यांचा उपदेश खेड्यातल्या माणसाला परका होता. मी आजही कुठेही बोलायचं असलं, कारखान्यात असो की कॉलेजात, तरी याच क्रमाने बोलते. पेटी-तबला नसतो इतकंच.

आता संस्थांचं काम, ज्याबद्दल मुलं सगळ्यात जास्त विचारतात कारण त्यात पैसे दिसतात. पैसे आहेत, थोडे आहेत. माझ्याकडे येतात त्या बहुतेक छोट्या संस्था, एखादं तालुक्याच्या गावातलं बोर्डिंग, एखादा दवाखाना, बालवाडी चालवणारं महिला मंडळ, जुना मिशनचा कंपाउंड सांभाळणारा ट्रस्ट. बोलावताना सांगतात की आमच्या स्टाफला मोटिव्हेशनचं लेक्चर द्या. गेल्यावर पहिल्या तासाभरात कळतं की स्टाफ ठीक आहे, भांडण वर आहे.

एका बोर्डिंगचं उदाहरण देते, नाव-गाव सोडून. विश्वस्त मंडळात दोन चुलत घरं, दोघांचं बोलणं बंद. पगार तीन-तीन महिने थकलेले, कारण चेकवर दोन सह्या लागतात आणि एक सही दुसरीच्या शेजारी बसायला तयार नाही. मी विचारलं ट्रस्टची घटना कुठाय. कपाटात होती, इंग्रजीत टाइप केलेली, कडा खाल्लेल्या, आणि त्या खोलीतल्या एकानेही ती पूर्ण वाचलेली नव्हती. मग धर्मादाय आयुक्तांकडचा रेकॉर्ड काढला तर तिथे विश्वस्त म्हणून जी नावं होती त्यातले बरेचसे देवाघरी गेलेले. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तो वर्षानुवर्षं कुणी दिलाच नव्हता, त्यामुळे सरकारी रेकॉर्डवर ही जी भांडत होती ती माणसं विश्वस्त नव्हतीच. आणि बाहेर कंपाउंडच्या भिंतीपाशी जागेवर डोळा ठेवून माणसं येऊन जात होती. ट्रस्टची जमीन विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरी लागते, हेही निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते गप्प होते.

मी त्यांना लेक्चर दिलं नाही. घटना मराठीत करून घेतली, झेरॉक्स काढल्या, आणि शाळेत धडा वाचतात तशी वाचायला लावली, एक कलम एकाने, पुढचं पुढच्याने, अडलं की थांबायचं आणि त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा. बोर्डिंगच्या स्वयंपाकाच्या मावशींनाही बसवलं. त्यावर दोन्ही घरांनी एकत्र हरकत घेतली, बऱ्याच काळात त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं ते या हरकतीवर, पण मावशी बसल्या. उद्देशाचं कलम त्यांच्या वाट्याला आलं. गरीब आणि निराधार मुलांच्या निवास, भोजन व शिक्षणाची सोय करणे. ते वाचून मावशी म्हणाल्या, भोजनाचं मी बघते, बाकीच्या दोन्हीचं कोण बघतं ते सांगा. मी काही बोलले नाही. खूप वेळ कुणीच काही बोललं नाही. तिथून काम सुरू झालं. चेंज रिपोर्ट दाखल करणं, उशीर माफ करून घेण्याचा अर्ज, वकील, तारखा, हे सगळं लांबच लांब चाललं आणि त्यात काही गंमत नव्हती, पण पगार सुरू झाले.

या कामात मला ज्यांचा सगळ्यात उपयोग झाला ते एडविन फ्रीडमन. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिसरात राहिलेले ज्यू रब्बी, कुटुंबांचे थेरपिस्ट, आणि पुढे धर्मगुरूंना आणि संस्थाप्रमुखांना शिकवणारे, म्हणजे जवळजवळ हीच कामं एका माणसात. मरी बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी कुटुंबांबद्दल जे मांडलं होतं ते फ्रीडमननी चर्च आणि सिनेगॉगला लावलं. त्यातली त्रिकोणाची कल्पना मला रोज लागते. दोन माणसांत ताण आला की ती एकमेकांशी बोलत नाहीत, तिसऱ्याला ओढतात, आणि तो ताण तिसऱ्याच्या अंगावर टाकून स्वतः निवांत होतात. मंडळीत हा तिसरा बहुतेक वेळा पाळक असतो. "पाळकबाई, मी बोलले म्हणून सांगू नका हं, पण" या वाक्याने जो फोन सुरू होतो तो त्रिकोणाचा फोन. फ्रीडमन सांगतात की दोघांमधलं नातं तिसऱ्याला सुधारता येत नाही, तिसऱ्याने एवढंच करायचं की दोघांशी संबंध ठेवायचा, स्वतः घाबरून जायचं नाही, आणि त्यांचं ओझं त्यांच्याकडेच राहू द्यायचं. मी त्या फोनला आता एकच उत्तर देते, की हे तुम्ही त्यांना सांगाल तेव्हा मी तुमच्या शेजारी बसेन. बरेच फोन तिथेच संपतात. काही खरंच येतात, आणि मग मी बसते.

हे बसणंच बाहेरच्या कन्सल्टंटला जमत नाही, त्याची बस असते. म्हणून मी संस्थेचं काम घेताना अट घालते की रिपोर्ट दिल्यावर पुढचं वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी मी येणार, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही, पण तुम्ही मीटिंग लावायची. पुष्कळ संस्था इथेच मागे हटतात. त्यांना रिपोर्ट हवा असतो, देणगीदारांना दाखवायला, किंवा परदेशी मदत घेणाऱ्या असतील तर कागद पुरे करायला. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, देणगी घेण्याचं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडायचं झालं, आणि छोट्या संस्थांची जी धावपळ झाली ती मी जवळून पाहिलीय. त्या धावपळीत रिपोर्ट मागणाऱ्यांना मी दोष देत नाही. मला फक्त ते काम नको असतं.

टिळकांकडे परत येते, कारण त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांचा विचार मी फार करते. १९१७ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला मानणारे पण बाप्तिस्मा न घेतलेले आणि घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती, आणि परदेशी पगारावर उभं नसलेलं काहीतरी उभं राहावं ही तळमळ होती. संस्था कशी असावी याबद्दल मराठी ख्रिस्ती माणसाने केलेला इतका धाडसी विचार मला दुसरा माहीत नाही. १९१९ च्या मे महिन्यात ते मुंबईत गेले, आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. याचा अर्थ पुष्कळ जण असा लावतात की कवी माणूस, संस्था चालवणं त्याचं काम नव्हतं. मला हे मुळीच पटत नाही. दोन वर्षांत कुठलीच मंडळी उभी राहत नाही. लोकांची लग्नं, मरणं, भांडणं आणि समेट त्यात घडून जावे लागतात, मग ती मंडळी होते. टिळकांना वेळ मिळाला नाही, बस. आणि 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं जे महाकाव्य अर्धवट ठेवून ते गेले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे ६४ अध्याय लिहून पुरं केलं. जिला लग्नात धड वाचता येत नव्हतं त्या बाईने. टिळकांच्या शिकवण्याचं मोजमाप करायचंच असेल तर मी तिथून करेन.

आणि म्हणूनच बदल्यांचा विषय मला सोडवत नाही. आमच्याकडे पाळकांच्या बदल्या होतात. त्यामागे जुनी कारणं आहेत, मेथडिस्ट पंथ सुरू करणारे जॉन वेस्ली तर आपल्या उपदेशकांना एका जागी फार काळ राहूच देत नसत, आणि एकच माणूस वर्षानुवर्षं बसला तर त्याची मंडळी त्याची जहागीर होते हे मी पाहिलंय, खोटं नाही ते. पण तीन वर्षांत बदली म्हणजे काय होतं? पहिलं वर्ष नावं आणि नाती कळण्यात जातं, दुसऱ्या वर्षी लोक खरं बोलायला लागतात, तिसऱ्या वर्षी पाळक बांधाबांध करत असतो. तो कंत्राटी कन्सल्टंट होतो, फक्त पगार कमी. मंडळीतल्या जुन्या पुढाऱ्यांनाही हे कळलेलं असतं, ते नव्या पाळकाच्या कुठल्याही सुधारणेला नाही म्हणत नाहीत, नुसतं थांबतात. त्यांना माहीत असतं हा जाणार.

माझं म्हणणं असं की बदलीची मुदत निदान सात वर्षं असावी, मधल्या वर्षी पास्टोरेट कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीने, आणि पाळकाने समोरासमोर बसून लेखी आढावा घ्यावा, आणि पाळकाची मुलं शाळेत असतील तर शैक्षणिक वर्षाच्या मध्यात बदली करूच नये. जहागीर होण्याची भीती असेल तर तो आढावा कडक करा, हिशोब दर तिमाहीला फळ्यावर लावा, पण माणसाला राहू द्या. आमच्या चर्चच्या येत्या कौन्सिलच्या सभेत मी हा ठराव मांडतेय. ज्या मंडळ्यांना पटत असेल त्यांनी आपल्या कमिटीत चर्चा करून ठराव लेखी पाठवावा, सेक्रेटरीच्या सहीने. उपासनेनंतर चहाच्या वेळी दिलेला पाठिंबा मला पुष्कळ मिळालाय, तो मिनिट्समध्ये येत नाही.